पडलेल्या गाडीची सुयुंचू

७ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच वळण! सोनुनच्या चहाच्या टपरीजवळचं.

सकाळी चहा ओतून घेतला, घोट घेणार तोच फोन. जोलदोश. "वहिनी, सुयुंचू! सुयुंचू!" आवाज असा, की वाटावं ह्याची घोडी व्याली. मी ओरडले, "अरे मेल्या, आधी सांग माणसं जिवंत आहेत का?" आहेत म्हणाला. तलासहून बटाटे घेऊन येणारी गाडी. घसरली, कठडा तोडून अर्धी बाहेर लोंबत राहिली. कुबातला उठवलं. पठ्ठ्या उठतोय कसला! दीर आहे म्हणून पांघरूण ओढलं नाही, बाकी सगळं केलं. दुपारपर्यंत क्रेनने ओढून अंगणात आणून टाकली.

ड्रायव्हर अंगणात उभा राहून रडत होता. कपाळ फुटलं होतं त्याचं, पण रडत होता बटाट्यांसाठी. त्याला गरम सूप दिलं. मग ओढणावळ सांगितली, तेव्हा आणखी रडला.

जोलदोशची सुयुंचू कुबातच्या हाती पोचती केली. सोनुनचा फोन त्याच्या मागून आला, तिला काही नाही. आता ती फुगून बसेल.

९ जानेवारी

सोनुन फुगली आहे.

१० जानेवारी, गुरुवार

मेदेरच्या नावाने तेल तापवलं, बोऱ्सोक तळले, पिठाचे छोटे गोळे. वास घरभर. म्हणतात की गेलेल्यांना हा वास पोचतो. पोचत असेल तर ऐक रे बाबा — तुझा ट्रक नीट आहे, तुझा भाऊ आळशी आहे, मी बरी आहे.

ह्या पैशांना सुयुंचू हे नाव त्याचंच. चांगली बातमी आणणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, हे तर आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. नातू झाला, सून आली, हरवलेला घोडा सापडला — धावत येणारा आधी "सुयुंचू!" ओरडतो आणि हात पसरतो, मग बातमी सांगतो. मेदेरने नवा नवा क्रेनचा ट्रक घेतला होता. बोगद्यापाशी एक ट्रेलर उलटल्याचं पहिल्यांदा कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा ह्याने हसत हसत खिशात हात घातला, "घे, तुझी सुयुंचू." झालं! तेव्हापासून सगळा घाट तेच म्हणतो. रस्त्यावरच्या बर्फावर वाळू टाकणारा जोलदोश, चहावाली सोनुन, खालच्या चौकीवरचा पोलीस. कमिशन म्हटलं तर कुणी घेताना इकडे तिकडे बघेल. सुयुंचू म्हटलं की छाती पुढे काढून घेतो.

दुसऱ्याचं वाहन पडलं ही आमची चांगली बातमी! मेदेर हे बोलून पोट धरून हसायचा. मीही हसायचे.

१५ जानेवारी

चोल्पोनचा बिश्केकहून फोन. वकिलाच्या ऑफिसात नोकरीला लागल्यापासून बाईसाहेब आईलाच कायदा शिकवतात.

"आई, जोलदोशकाकाला देतेस त्याला लाच म्हणतात."

"आणि सोनुनला देते त्याला?"

"तिला दिलंस तर काही नाही. ती सरकारी नोकर नाही. धंद्यातली दलाली म्हणायची."

"वा! गाडी तीच, फोन तोच, पैसे तेच. चहा विकणारीने घेतले तर दलाली आणि वाळू टाकणाऱ्याने घेतले तर तुरुंग?"

"हो. कारण वाळू टाकणाऱ्याला गाडी पडू नये म्हणून पगार मिळतो. आणि तू त्याला गाडी पडली म्हणून देतेस."

मी म्हटलं, ह्याच पैशांवर शिकलीस, आता तोंड वर करून बोलतेस. तिने फोन ठेवला. मग तासाभराने परत केला आणि हवापाणी विचारलं. पोरगी मनाने चांगली आहे. जिभेने माझ्यावर गेली.

२२ जानेवारी

अजून एक. तेच वळण. लाल गाडी, नवराबायको, दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही नाही. बायको नवऱ्याला इतकं बोलत होती की कुबात म्हणाला, "वहिनी, दरीत पडला असता तर बरं झालं असतं बिचारा."

कुबात खुशीत आहे. चौतिशी उलटली, मुलगी ठरली आहे, तिच्या घरचे देण्याघेण्यासाठी अडून बसलेत. म्हणतो, "हिवाळा असाच गेला ना वहिनी, वसंतात लग्न!"

हसले मी. आज लिहिताना मात्र हसू येत नाही. असाच गेला म्हणजे कसा?

ह्या वर्षी त्या वळणावर जास्तच पडतात. बर्फ तर गेल्या सालापेक्षा कमी आहे.

२९ जानेवारी, मंगळवार

पोरगा गेला, त्याच वळणावर. एर्मेक नाव. पंचविशीही नसेल.

जोलदोशचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. तसल्याच हातांनी दवाखान्यात गुलायला कळवलं. अॅम्ब्युलन्सचं नेहमी मीच कळवते. घाटातली माणसं मला फोन करतात आणि त्यांना वाटतं काम झालं. कुबात आधी पोचला. दोर लावून खाली उतरला. पोरगा बोलत होता म्हणे. पाणी मागत होता. कुबातने त्याच्या अंगावर स्वतःचा कोट घातला, डोकं मांडीवर घेतलं. अॅम्ब्युलन्स घाट चढेपर्यंत संपलं होतं.

मागच्या सीटवर नवा पाळणा होता. बहिणीला बाळ झालंय, तिच्यासाठी घेऊन चालला होता. पाळण्याला ओरखडासुद्धा नाही. कुबातने तो वर आणला आणि आमच्या ओसरीत ठेवला. आता येता जाता दिसतो.

कुबात जेवला नाही. मी बळेच चहा पाजला.

जोलदोशची सुयुंचू? दिली. द्यावीच लागते, नाहीतर उद्या तो खालच्या गावच्या टकल्याला फोन करेल. टकल्याचाही क्रेनचा ट्रक आहे, आणि तो नोव्हेंबरात जोलदोशला फोडायला निघाला होता. म्हणून तर मी जोलदोशचं दुप्पट केलं.

३१ जानेवारी

एर्मेकच्या घरी तलासला परवाच कळलं. सरळ कोण सांगणार? रीतीप्रमाणे चार म्हातारे गेले. आधी म्हणाले मुलगा जरा आजारी आहे. मग म्हणाले बराच आजारी आहे. मग घोडा म्हातारा झाला की जातो, तरणाही कधी जातो, असं काहीतरी बोलले. आईला तेवढ्यावर कळलं.

५ फेब्रुवारी

एर्मेकचा बाप आला होता. गाडी न्यायला आणि पाळणा न्यायला. ओमुरझाक नाव. सत्तरीचा असेल, पांढरी नमद्याची टोपी, ताठ म्हातारा. मला वाटलं शिव्या देईल. मी मनात तयारी केली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

बसला. चहा घेतला. आणि विचारलं, "पोरी, माझ्या मुलाची बातमी कुणी दिली?"

कुबात म्हणाला, जोलदोशने.

"त्याला बोलवा. मी त्याच्यासाठी झगा आणलाय."

गाठोडं सोडलं. नवा कोरा काळ्या मखमलीचा झगा, काठांवर सोनेरी वेल. म्हातारीने शिवला म्हणे. मुलगा गेला त्या आठवड्यात! मी म्हटलं, बाबा, हे कशाला? तर म्हणाला, "आमच्या गावच्या एकाचा मुलगा गेल्या साली असाच पडला. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा सापडला. बापाला ओळखता आला नाही. माझा त्याच दिवशी घरी आला. मी त्याला माझ्या हातांनी न्हाऊ घातलं. ज्याच्यामुळे हे झालं त्याच्या अंगावर काही घातलं नाही तर मी कसला बाप?"

कुबात जाऊन जोलदोशला घेऊन आला. जोलदोश दारात उभा राहिला, टोपी काढली. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यांवर झगा चढवला, हात पसरून आशीर्वाद दिला. लांबलचक आशीर्वाद. तुझी मुलं मोठी होवोत, तुझा रस्ता उजेडाचा असो. आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जोलदोशने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं रडू आवरतोय.

ओढणावळ नको म्हटलं मी. म्हातारा चिडला. "तुझ्या ट्रकात डिझेल काय आभाळातून पडतं?" मोजून दिले.

घेतले मी.

७ फेब्रुवारी, गुरुवार

तेल तापवलं नाही आज. कुबातबरोबर वर गेले. का गेले? माहीत नाही. म्हाताऱ्याचे ते हात सारखे डोळ्यांपुढे येत होते. म्हटलं, जागा तरी बघून येऊ.

खालून चढताना रस्त्यावर वाळू. नीट टाकलेली, सोनुनच्या टपरीच्या दारापर्यंत. बोगद्याकडून उतरणीलाही वाळू. मधलं वळण कोरडं! म्हणजे वाळूने कोरडं, बर्फाने चकचकीत. मी ट्रकातून उतरले आणि दोन पावलांत आपटले. कुबातने उचललं. लांबून मला वाटलं होतं वाळू संपली असेल. संपली असती तर पुढे कुठून आली?

सोनुनकडे गेले. तिने चहा ठेवला, रुसवा विसरली होती. मी म्हटलं, "काय ग, जोलदोश वळणावर वाळू टाकायला विसरला की काय?"

"विसरत नाही ताई. तिथे मागून टाकतो."

"मागून म्हणजे?"

"म्हणजे पहिली गाडी खाली गेली की." कपात साखर घालता घालता बोलली. साखर किती विचारावं, तशा आवाजात.

मी म्हटलं, तुला हे माहीत होतं?

"सगळ्यांना माहीत आहे ताई. नोव्हेंबरापासून असंच आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा हात थांबला. "अगबाई! मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्याला."

८ फेब्रुवारी

काही खाल्लं नाही. कुबातने विचारलं, काय झालं. काय सांगू, त्यालाही तिथेच कळलंय.

११ फेब्रुवारी

जोलदोशला गाठलं. चौकीच्या मागे वाळू भरत होता. अंगात तो झगा! काम करताना! म्हणाला थंडी आहे.

मी सरळ विचारलं. आधी म्हणाला वाळू पुरत नाही. मग म्हणाला डिझेल वेळेवर येत नाही. मग म्हणाला, ज्याला पडायचंय तो वाळूवरूनही पडतो. मी म्हटलं, "जोलदोश, माझ्याशी नाटकं नकोत. पहिली गाडी पडेपर्यंत थांबतोस का नाही?"

तेव्हा तोही चिडला. "मी ढकललं का कुणाला? बर्फ मी पाडतो? पगार दोन दोन महिने येत नाही, चार पोरं आहेत, त्यांना काय वाळू खायला घालू? आणि नोव्हेंबरात दुप्पट मी मागितलं होतं का वहिनी? तुम्ही स्वतः आलात. म्हणालात, जितक्या बातम्या तितकी सुयुंचू. मी आणतोय बातम्या!"

थोबाडीत मारली मी त्याच्या. टोपी उडाली. त्याने वाकून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. म्हणाला, "मला वाटलं होतं कुणाला फार लागणार नाही. कठडा आहे तिथे." आणि मग तो कसातरीच रडायला लागला. झगा मात्र काढला नाही.

म्हणाले होते मी तसं. जितक्या बातम्या तितकी सुयुंचू. त्याला टकल्याकडे जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. देवा, एवढंच होतं!

१३ फेब्रुवारी

चोल्पोनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तक्रार कर आई. लिहून दे."

"मग?"

"जोलदोशकाका आत जाईल."

"आणि?"

"देणाराही अडकतो. पण आमचे साहेब म्हणतात, देणाऱ्याने स्वतःहून जाऊन सांगितलं तर सुटायची शक्यता असते."

"पैसे कुबातच्या हातून जायचे."

"मग त्यालाही तुझ्याबरोबर जावं लागेल."

कुबात सरकारी माणसासमोर उभा राहिला तर स्वतःचं नावही धड सांगणार नाही. आणि जोलदोशची चार पोरं मी पोसू? त्याच्या जागी दुसरा येईल, त्याला टकल्या आदल्या दिवशीच गाठेल. कायद्याने एक माणूस आत जाईल, वळण तिथेच राहील. चोल्पोनला म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, "विचार करता करता बर्फ वितळेल आई." कार्टी!

१५ फेब्रुवारी

कुबातशी कडाक्याचं भांडण.

"वहिनी, आपण देणं बंद केलं तर टकल्या देईल. वळण तेच, पडणारे तेच. फरक एवढाच की ट्रक त्याचा."

"मग पडू देत त्याच्या नावाने!"

"माझ्या लग्नाचं काय?"

"त्या पोराचं डोकं तुझ्या मांडीवर होतं ना रे? लग्नात तीच मांडी घालून पंगतीला बसशील?"

फार बोलले. तो उठून गेला. जाता जाता म्हणाला, मेदेरदादा असता तर धंदा असा बुडवू दिला नसता. मी म्हटलं, मेदेर असता तर तुझे दात पाडले असते. पण खरं सांगू? मेदेरने काय केलं असतं ते मला माहीत नाही.

१८ फेब्रुवारी

कुबात परत बोलायला लागला. मीठ मागितलं.

२२ फेब्रुवारी

टकल्याकडे गेले. अख्ख्या तालुक्यात मला ह्या माणसाच्या दारात जायचं नव्हतं! मटण शिजवलं त्याने, बस म्हणाला, मेदेर आणि मी एका वर्गात होतो वगैरे. मी म्हटलं, मटण राहू दे, ऐक. आपण दोघांनीही सुयुंचू बंद करायची. एकाच दिवशी. घाटातल्या कुणालाही एक सोमसुद्धा नाही.

मला वाटलं हसेल. तो विचारात पडला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला हे मला दिसलं. दोघंही देत नाही म्हणजे दोघांचंही वाचतं! "पण लोक ऐकतील का? तू बंद करशील आणि मागच्या दाराने देशील."

"नानवर शपथ घेऊ. सगळे मिळून."

"नानवर?" गंभीर झाला. नानवर हात ठेवून खोटं बोलणारा आमच्याकडे अजून जन्मायचाय. टकल्यासुद्धा नाही. "मग गाड्या कोण ओढणार?"

"सरकारी नंबर आहे की. ज्याचं वाहन तो बोलावेल. आपल्याकडे यायचं तर मालक स्वतः येऊ देत, चालत, ओढत, कसेही. आपण कुणाच्या पडण्याची वाट बघायची नाही."

"चालेल," म्हणाला. मग मी मटण खाल्लं. चांगलं होतं, हे लिहायला नको होतं पण होतं.

चोल्पोनला कळवलं. ती म्हणाली, "आई, शपथ म्हणजे कायदा नाही." मी म्हटलं, तुझा कायदा बिश्केकात चालतो. घाटात नान चालतो.

१ मार्च, शुक्रवार

झालं! सोनुनच्या टपरीत जमलो. मी, कुबात, सोनुन, जोलदोश, टकल्या, चौकीवरचा पोलीससुद्धा. मी पहाटे स्वतः नान भाजला होता. मधे कापड अंथरलं, त्यावर नान. सगळ्यांनी हात ठेवले. मी शब्द सांगितले आणि एकेकाकडून मोठ्याने म्हणवून घेतले. पडलेल्या गाडीचा फोन बुरमाकानला, म्हणजे मला, करणार नाही. टकल्याला करणार नाही. पडलेल्या गाडीवर एक सोम घेणार नाही, देणार नाही. शपथ मोडली तर हाच नान मला बाधो.

जोलदोशकडून वेगळं म्हणवून घेतलं — वाळू आधी वळणावर, मग बाकी रस्त्यावर. म्हणाला.

सोनुनने विचारलं, "ताई, म्हणजे फोन मुळीच करायचा नाही?"

"मुळीच नाही!" मी म्हटलं. कारण तिला मी ओळखते. एक फट ठेवली की तिथून ती पैसे मागणार. "गाडी पडलेली दिसली तरी माझा नंबर विसरायचा. काय समजलीस?"

समजली म्हणाली. मग नान तोडून सगळ्यांनी खाल्ला. कुबातनेही. बाहेर पडताना टकल्या म्हणाला, "मेदेरची बायको म्हणजे मेदेरच्या वरताण." बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

४ मार्च

आज पुन्हा वर गेले, मुद्दाम सांगितलं नाही कुणाला. वळणावर वाळू! जाड, काळी, कठड्यापर्यंत. मी तिच्यावर पाय घासून बघितले. घसरत नाही. उभी राहून रडले. सोनुनने टपरीतून हात हलवला.

८ मार्च

कुबातने केक आणला, बायकांचा दिवस म्हणून. म्हणजे राग गेला. मुलीच्या घरच्यांशी बोलला, शरदापर्यंत थांबतील म्हणे. मी म्हटलं माझे कानातले विक. तो म्हणाला, "वहिनी, तुमचे कान तरी राहू द्या."

फोन गप्प आहे. आधी फोन गप्प असला की धंदा बुडाला वाटायचं. आता वाटतं, आज कुणी पडलं नाही.

९ मार्च, शनिवार

एर्मेकच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तलासला गेले. बायकांत बसले. आई लहानखुरी आहे, सगळ्यांना वाढत होती, माझ्या पुढ्यात दोनदा मांस ठेवलं. पाळण्यात बाळ होतं. ओमुरझाकबाबांनी विचारलं, "तो झगा घातलेला माणूस का नाही आणलास?"

त्याला काम आहे म्हटलं.

सांगायला गेले होते. आईजवळ बसले तेव्हा ओठांवर आलं होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तुमच्यामुळे माझा मुलगा घरी आला. कसं सांगणार? नाही सांगितलं. भेकड आहे मी. येताना घाट उतरताना वाळूवरून गाडी सरळ गेली आणि मी मनात म्हटलं, एर्मेक, बाळा, एवढं तरी केलं बघ.

१४ मार्च

कुबातने एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चिखलातून ओढला. त्याने पैशांऐवजी दही आणि कोंबडी दिली. कोंबडी अंडी देत नाही. आम्ही दोघं खूप हसलो.

१७ मार्च, रविवार

चोल्पोनचा फोन. पंधरवड्यात घाटात एकही अपघात नाही, असं मी छातीठोक सांगितलं. "कुणी सांगितलं तुला?" म्हणाली. मी म्हटलं, कुणी सांगितलं नाही, म्हणून तर! ती हसली. म्हणाली, "आई, तू जिंकलीस बाई. साहेबांना सांगते."

नवरोजला येते म्हणाली. गहू भिजत घातलाय.

२० मार्च

वाळू होती वळणावर. ब्रेक गेले गाडीचे. जोलदोशची काही चूक नाही, आज मी स्वतः बघून आले.

परवा दुपारी पडली. आज सकाळी घोडेवाल्यांना दिसली. नवरा जागच्या जागी गेला होता. बाई कालपर्यंत जिवंत होती, डॉक्टर म्हणाला. मुलगी तिच्या कोटाच्या आत होती, तिला नेलंय, पायांची बोटं जातील. दवाखान्यात गुलाय म्हणाली, आम्हाला फोनच आला नाही. तो फोन तर नेहमी मी करायचे.

सोनुनने पडताना बघितली होती. जोलदोशनेही. जोलदोशला वाटलं सोनुन सांगेल, सोनुनला वाटलं पोलीस सांगेल. मी तिच्या खांद्यांना धरून हलवलं. का नाही कळवलंस ग? का?

ती म्हणाली, "ताई, दोनदा हातात घेतला होता फोन. पण नान खाल्लाय मी तुमच्यासमोर."